शनी, ट्राँबोन आणि होल्स्टची ग्रहमाला

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन हे गाव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ते १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे ठाऊक असते. भाविकांस ते शनीचे क्षेत्र म्हणून पूज्य आहे. साडेसातीचा धसका जेथे घरोघरी परिचित आहे, तेथील श्रोत्याने गुस्टाव होल्स्ट या इंग्रज रचनाकाराच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतील शनी ऐकला, तर हा आपलाच शनी असे त्यास वाटण्याचा संभव आहे. होल्स्ट संस्कृत शिकला होता, हे कळल्यावर तर ही समजूत दृढच होते. ती कितपत टिकते, हे या रचनेतील खालच्या स्वरांच्या पितळी वाद्यांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

होल्स्टचा (१८७४–१९३४) संस्कृताशी आलेला संबंध वरवरचा नव्हता. त्याने ऋग्वेदातील सूक्तांची स्वतः इंग्रजी रूपांतरे करून त्यांना स्वरसाज चढविला. ‘सीता’ व ‘सावित्री’ ही संगीतनाटके रचिली. मेघदूतावरही एक समूहगानरचना केली. तथापि एका विषयातील भारतीय ऋणावरून दुसऱ्या विषयातील ऋण अनुमानणे हे इतिहासपद्धतीस धरून नाही.

‘द प्लॅनेट्स’ची रचना मुख्यतः १९१४ ते १९१६ या काळातील. तीत मंगळ, शुक्र, बुध, गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून असे सात भाग आहेत. आपल्या नवग्रहांतील सूर्य, चंद्र, राहू व केतू येथे नाहीत. उलट दुर्बिणीच्या युगात सापडलेले दोन ग्रह आहेत. भारतीय ग्रहमाला संगीतात कशी उतरते, हे पाहावयाचे असल्यास तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात वाढलेल्या मुथुस्वामी दीक्षितरांच्या वारकृती पाहाव्यात. तेथेही संख्या सातच. परंतु आरंभ सूर्याने व शेवट शनीने होतो, कारण तो वारांचा क्रम आहे. होल्स्टचा मार्ग निराळा होता. १९१३ मध्ये क्लिफर्ड बॅक्स या लेखकमित्राच्या सहवासात त्याला पाश्चात्त्य फलज्योतिषाची गोडी लागली आणि अ‍ॅलन लिओच्या ग्रंथांतून त्याने ग्रहांचे स्वभाव घेतले.

मग ही रचना इतकी परिणामकारक का होते? याचे एक उत्तर होल्स्टच्या उपजीविकेत आहे. उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या विकारामुळे त्याला पियानोवादक होता आले नाही. लहानपणी दम्यावर उपाय म्हणून हाती आलेला ट्राँबोन पुढे त्याच्या पोटापाण्याचे साधन झाला. १८९८ मध्ये रॉयल कॉलेज सोडल्यानंतर कार्ल रोझा ऑपेरा मंडळी व नंतर स्कॉटिश ऑर्केस्ट्रा यांत १९०३ पर्यंत तो ट्राँबोन वाजवीत होता. वाद्यवृंदाच्या मागल्या रांगेतून संगीत ऐकण्याची ही सवय त्याच्या लेखनात उतरली.

ग्रहमालेत दोन टेनर ट्राँबोन, एक बास ट्राँबोन, एक टेनर ट्यूबा व एक बास ट्यूबा योजिले आहेत. टेनर ट्यूबाचा भाग बहुधा युफोनियमवर, म्हणजे आपल्याकडील बँडवाल्यांच्याही परिचयाच्या वाद्यावर, वाजविला जातो. ही वाद्ये केवळ गडगडाटासाठी आहेत, हा समज बरोबर नाही. पाच मात्रांच्या मंगळात टेनर ट्यूबाची ललकारी उठते व ट्रम्पेट तिला उत्तर देतात. युरेनसच्या आरंभीचे चार स्वर ट्रम्पेट व ट्राँबोन गर्जून सांगतात. तेच लगेच दोन्ही ट्यूबा घाईने उच्चारतात, आणि जादूगाराचा दरारा थट्टेत उतरतो. नेपच्यूनमध्ये सर्व वाद्यवृंदाने अतिमंदच वाजवावे असा निर्देश असल्याने हे पितळही कुजबुजते.

परंतु खरी कसोटी शनीची. होल्स्टने त्यास वार्धक्य आणणारा म्हटले आहे, आणि हाच भाग त्याचा सर्वांत आवडता होता. आरंभी दोन स्वरसंघात घड्याळाच्या लंबकासारखे आलटून पालटून येतात. तळातून डबल बासची ओळ सरकते. नंतर खालच्या तंतुवाद्यांच्या छेडलेल्या पावलांवर ट्राँबोन हलक्या आवाजात गंभीर गीत धरतात. युरोपीय परंपरेत ट्राँबोन हे देवालयाचे, अंत्यविधीचे व नाटकातील पाताळदृश्यांचे वाद्य. तो अर्थ येथे जमेस धरलेला आहे. पुढे ही चाल घंटांच्या भयकारी ठोक्यांपर्यंत चढते आणि अखेर शांततेत विरते.

आपल्या शनिमाहात्म्यातही विक्रमराजाचा छळ करणारा शनी शेवटी प्रसन्न होतो. हे साम्य खरे. पण ते उसनवारीचे नव्हे. शनीस सूर्याभोवती फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सर्वांत मंद, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यास शनैश्चर म्हटले. पाश्चात्त्यांनी त्याला म्हातारा कल्पिले. आकाश एकच असल्याने दोन परंपरा जवळजवळ आल्या.

तेव्हा होल्स्टचा शनी राक्षसभुवनचा नव्हे, असाच निर्णय द्यावा लागतो. त्यामुळे आपले काही उणे होत नाही. संथ पावलाने येणाऱ्या त्या ट्राँबोनमध्ये शनैश्चराची गती ओळखण्यास आपला श्रोता आधीच सिद्ध असतो, आणि तेवढी ओळख पुरेशी आहे.