जवसाचे तेल आणि पोकळीतला गंज

गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, हे आपण वर्गात शिकवतो. ही दोन्ही जिथे पोचतात, पण ब्रश पोचत नाही, तिथे काय करायचे?

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. तिने इकडचा कापूस नेला, तसे जवसाचे बीही नेले. युरोपात या तेलाचे रंग होत. त्यात शेंदूर खलून केलेला लेप लोखंडी पुलांना देत.

मोटारीने पेच वाढवला. १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँने सांगाडा व पत्रा एकजीव केला. २०१४ पर्यंत बनत राहिलेली आपली अ‍ॅम्बॅसॅडरही त्याच घडणीची. दाराखालची पोकळ पेटी गाडीचे वजन पेलते. सांध्यातून केशाकर्षणाने पाणी आत शिरते, चाकामागे साचलेली काळी माती ओल धरते. वरचा रंग चकचकीत असतानाच पेटी आतून सडू शकते.

जवसाचे तेलही त्याच केशाकर्षणाने फटीत सरकते व गंजाच्या सच्छिद्र थरात मुरते. त्यातल्या लिनोलेनिक आम्लाचे तीन दुहेरी बंध ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंततात. तेल वाळून पटल बनते. शेंगदाण्याचे तेल तसे वाळत नाही. दोन काचपट्ट्यांवर हे दाखवता येईल. (तेलकट चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेटतात.) बंद पोकळीत हवा कमी, म्हणून वाळणे रेंगाळते, सुटा गंज व ओल आधी काढावीच लागते.

१९६० च्या दशकात फोर्डने अख्खे कवच हौदात बुडवून विजेने आतपर्यंत रंग बसवण्याची रीत आणली. पुढे पोकळीत मेण फवारणे आले. विदर्भात जवस आता बहुतेक चटणीतच भेटते.