लिहिणारा शिक्षक : धाराशिवचा जुना प्रश्न

१/ लेखन शिकवणाऱ्याने आधी स्वतः लिहावे, या विचारातून १९७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बर्कली येथे शिक्षकांसाठी लेखनवर्ग भरला. धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता.

२/ निजामी राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही तेच. घरी मराठी बोलणारा विद्यार्थी इतिहास-भूगोलाची उत्तरे उर्दूत लिही. पुढे शिक्षक होणारेही याच विद्यार्थ्यांतून येत.

३/ याला अपवाद ठरली १९२१ साली सुरू झालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. तेथे मराठीतून शिकवले जाई. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, या शाळेचे मुख्याध्यापक होते.

४/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि कालांतराने मराठी माध्यम रुजले. परंतु जी उत्तरे आता मराठीत तपासायची, ती मराठीत लिहिण्याची संधी अनेक शिक्षकांना विद्यार्थिदशेत मिळालीच नव्हती.

५/ माध्यम आदेशाने बदलते, लेखणी मात्र सरावानेच वळते. म्हणून सुट्टीतील शिक्षक-प्रशिक्षणात व्याख्यानांइतकाच वेळ शिक्षकाच्या स्वतःच्या लेखनाला मिळायला हवा.