तळटीप १४ : ‘उजवं घालून’

१४. उजवं घालून : देव आपल्या उजव्या हाताला ठेवून भोवती फिरणे, प्रदक्षिणा. प्रसंग सौंसरजवळच्या जामसावळीचा, जिथे निजलेला मारुती आहे. आज आपण ‘घड्याळाच्या काट्यांप्रमाणे’ म्हणतो तीच ही दिशा. घरात घड्याळ नसले तरी अडत नसे. मध्ये काय आहे आणि ते कोणत्या हाताला येते, एवढे सांगितले की पुरे; मग मध्ये देव असो, तुळशीवृंदावन असो की मळणीच्या खळ्यातला तिवडा. पोथीतला ‘सव्य’ मात्र जपून वाचावा. संस्कृतात सव्य म्हणजे डावा, तर मराठीत सव्य घालणे म्हणजे उजवे घालणे. लेखकाने घरगुती शब्द ठेवला हे बरेच केले. श्राद्धातले ‘अपसव्य’ निराळे : त्यात जानवे उजव्या खांद्यावर घेतात. महादेवाला पुरी फेरी नसते. पिंडीचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, म्हणजे सोमसूत्र, ओलांडायची नाही; तिथवर जाऊन उलट फिरायचे. पुढच्या परिच्छेदात आजी अर्ध्यातून मागे वळते ती यामुळे.