हॉस्टेलवर प्रिंटर न्यायचा का?

विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की खरेदीचा सल्ला? पण दर वर्षी अॅडमिशनच्या हंगामात घराघरांत हीच चर्चा चालते. गादी, बादली, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड, लॅपटॉप, आणि मग कोणीतरी काका म्हणतात, "प्रिंटर पण घेऊन टाका, रोज लागेल." मुलगा म्हणतो नको, आई म्हणते असू दे. दहा-बारा हजारांचा प्रश्न असतो, आणि बऱ्याच घरांत दहा-बारा हजार म्हणजे मेसचे तीन-चार महिने. म्हणून आज जरा मागे जाऊन बघू. विद्यार्थी आणि छापील पान यांच्यामध्ये आजवर कोण कोण उभं राहिलंय?

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. गोवा, १५५६. पोर्तुगालहून एक जहाज आलं, त्यात छापखान्याचं यंत्र होतं. गंमत म्हणजे ते आपल्यासाठी नव्हतंच. ते चाललं होतं अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. काही कारणांनी ते गोव्यातच थांबलं आणि जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात बसवलं गेलं. हुआन दे बुस्तामांते नावाचा मुद्रक ते चालवायचा. भारतातला हा पहिला छापखाना, आणि तो होता कुठे? कॉलेजमध्ये!

त्यावर पहिल्यांदा काय छापलं असेल? धर्मग्रंथ, असं वाटेल. पण त्याच वर्षी छापलं गेलं ते 'कन्क्लुझोंस', म्हणजे कॉलेजातल्या जाहीर वादविवादात विद्यार्थ्यांनी मांडायच्या आणि लढवायच्या सिद्धांतांचे कागद. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हायवाचं मटेरियल. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही, त्या काळच्या पत्रांमधून आपल्याला ते कळतं. कॉलेजही गेलं. जुन्या गोव्यात त्याची फक्त दर्शनी कमान उभी आहे. कधी गेलात तर तिथे एक मिनिट थांबा.

(जाता जाता एक. याच परंपरेतल्या छापखान्यात, रायतूरला, १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून मराठी छापली रोमन अक्षरांत. आपण व्हॉट्सअॅपवर जे करतो ते चारशे वर्षं जुनं आहे.)

आता त्याच्याही मागे जाऊ. छपाई यायच्या आधी, तेराव्या शतकात, बोलोन्या आणि पॅरिसच्या विद्यापीठांत पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली, महागडी वस्तू. मग विद्यार्थी करायचे काय? तिथे 'पेसिया' नावाची पद्धत होती. विद्यापीठाने मान्यता दिलेल्या दुकानदाराकडे पुस्तकाची तपासलेली मूळ प्रत असायची, पण सुटी, छोट्या छोट्या तुकड्यांत. तुम्ही एक तुकडा भाड्याने न्यायचा, उतरवून काढायचा, परत करायचा, पुढचा घ्यायचा. तुम्ही पहिला तुकडा लिहीत असताना तुमचा मित्र तिसरा लिहितोय. एकच पुस्तक एका वेळी अनेक हातांत! भाडं दुकानदाराने मनाने ठरवायचं नाही, ते विद्यापीठ ठरवायचं. बोलोन्यात तर प्रती बरोबर आहेत का ते बघायला तपासनीस नेमलेले असायचे.

एका नोट्सची फाइल सुटी करून चार जणांनी वाटून घेणं आणि रात्रीत पूर्ण करणं, हे कुठल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला नवीन सांगायला नको. आपल्याकडे तर 'जीटी' आहे. काचेखाली ट्यूबलाइट, वर मित्राची ड्रॉइंग शीट, त्यावर आपला कोरा कागद, आणि पहाटेपर्यंत पेन्सिल. तेराव्या शतकातल्या पोरांनी काच आणि ट्यूबलाइट बघितली असती तर त्यांना फार आनंद झाला असता.

आता आजच्या गोष्टीतला मुख्य माणूस. चेस्टर कार्लसन. जन्म १९०६, अमेरिका. घरची गरिबी एवढी की शाळेत असल्यापासून आईबापांना पोसायची जबाबदारी याच्यावर. कसंबसं भौतिकशास्त्र शिकला, मंदीच्या काळात नोकरी गेली, मग न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे दिवसभर कागदपत्रांच्या प्रती लागायच्या. एक तर कोणीतरी पुन्हा टाइप करायचं, नाहीतर बाहेरून फोटो काढून आणायचे. दोन्ही वेळखाऊ आणि खर्चिक.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी हा लॉ कॉलेजला जायचा. कायद्याची पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवायची. त्यात त्याला संधिवात. बोटं दुखायची, मान दुखायची. झेरॉक्स मशीनच्या इतिहासात मला हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑफिसच्या गरजेबद्दल सगळे बोलतात. पण पुस्तक परवडत नाही म्हणून रात्री लिहीत बसलेला विद्यार्थीही त्या शोधाच्या मुळाशी आहे.

आधी त्याने घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग केले. मग न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात एक खोली भाड्याने घेतली आणि ओटो कोर्नाई नावाचा मदतनीस ठेवला. २२ ऑक्टोबर १९३८. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर स्थिर वीज आणली. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'अॅस्टोरिया' असं लिहिलेलं होतं. ती पट्टी त्यावर ठेवून दिवा लावला. उजेड पडला तिथली वीज गेली, अक्षरांच्या सावलीत राहिली. वर बारीक पूड भुरभुरवली, ती फक्त अक्षरांवर चिकटली. मग मेणाचा कागद दाबून ती उचलली. झाली पहिली झेरॉक्स!

पुढे वीसेक कंपन्यांनी त्याला नाही म्हटलं. आधी एका संशोधन संस्थेने, मग हॅलॉइड नावाच्या एका छोट्या कंपनीने हात दिला. 'झेरॉस' म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. ओल्या शाईशिवाय, कोरड्या पुडीने लिहिणं, म्हणून झेरोग्राफी. (हे 'कोरडं' लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.) १९५९ मध्ये त्यांचं ९१४ मॉडेल आलं. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद घ्यायचं म्हणून ९१४. वजन जवळपास तीनशे किलो. कागद कधीकधी पेट घ्यायचा, म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं! एवढं महाग यंत्र कोण विकत घेणार? म्हणून कंपनीने ते भाड्याने दिलं आणि प्रतींप्रमाणे पैसे लावले. म्हणजे सुरुवातीपासूनच ते 'माझं' यंत्र नव्हतं, सगळ्यांनी मिळून वापरायचं होतं.

भारतात हे सर्रास व्हायला ऐंशीचं दशक उजाडलं. मोदी झेरॉक्स ही कंपनी त्याच दशकातली. त्याआधी आपल्याकडे टायपिंग, कार्बन कॉपी आणि सायक्लोस्टाइल. सायक्लोस्टाइलला कमी समजू नका. १९३० मध्ये सरकारने नवजीवन छापखाना जप्त केला तेव्हा गांधीजींचं 'यंग इंडिया' सायक्लोस्टाइलवर निघायचं, आणि आणीबाणीतली भूमिगत पत्रकंही बरीचशी तशीच निघाली. प्रत काढायचं यंत्र कोणाच्या हातात आहे, याला फार किंमत असते.

मग कॉलेजच्या गेटसमोर ते दुकान आलं. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, पासपोर्ट फोटो. मशीन दुसऱ्याच कंपनीचं असतं, पण पाटी झेरॉक्सचीच. माझं स्पष्ट मत आहे, गेल्या चाळीस वर्षांत उच्च शिक्षण परवडण्यात या दुकानांचा वाटा मोठा आहे, आणि कुठल्याही अहवालात त्यांचं नाव येत नाही.

एकदा मात्र आलं, तेही कोर्टात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस नावाचं छोटं दुकान होतं. प्राध्यापक वाचायची यादी द्यायचे, दुकानदार वेगवेगळ्या पुस्तकांतली ती पानं एकत्र करून बाइंड करून द्यायचा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. मागणी साठ लाखांची.

आता बघा, त्या यादीतलं एकेक पुस्तक हजारोंचं, आणि त्यातलं लागणार एकेकच प्रकरण. लहान गावातून आलेल्या मुलीने काय करायचं? विद्यार्थी संघटना करून खटल्यात उतरले. तीनशेहून जास्त अभ्यासकांनी प्रकाशकांना पत्र लिहिलं, त्यात ज्यांची पानं कॉपी होत होती असे लेखकही होते!

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे, हा मुख्य आधार. पण निकालात त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेची आठवणही लिहिली आहे. तेव्हा फोटोकॉपी महाग आणि वेळखाऊ होती, त्यामुळे मुलं ग्रंथालयात आळीपाळीने बसून पानंच्या पानं हाताने उतरवायची. हाताने केलं तर चालतं, मग तेच यंत्राने केलं म्हणून गुन्हा कसा, असा तो मुद्दा. कार्लसन आठवला ना? डिसेंबरमध्ये खंडपीठानेही मोठ्या प्रमाणात तेच मान्य केलं आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. आख्खी पुस्तकं छापून विकायचा परवाना मिळाला असा मात्र याचा अर्थ नाही.

बरं, आता तुमच्या खोलीतल्या प्रिंटरकडे येऊ. घरगुती प्रिंटर बहुतेक वेळा इंकजेट असतो. कॅनॉनमध्ये १९७७ साली शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाईची चिळकांडी उडाली, त्यातून एक तंत्र निघालं. बारीक भोकांतून शाईचे थेंब उडवायचे. स्वस्त आणि सुंदर. पण ती भोकं न वापरता राहिली की वाळतात. आता कॉलेजचं वर्ष आठवा. दिवाळीची सुट्टी, मग परीक्षेचे आठवडे, मग उन्हाळ्याची सुट्टी. परत येऊन बटण दाबलं की पांढऱ्या रेघा, आणि भोकं साफ करायला यंत्र स्वतःच शाई पिऊन टाकतं. लेझर प्रिंटर कार्लसनच्या तत्त्वावर चालतो. कोरडी पूड, ती वाळणार काय? म्हणून घ्यायचाच असेल तर काळ्या-पांढऱ्या छपाईचा साधा लेझर घ्या.

पण घ्यायचा का? हिशोब करू. समजा प्रिंटर बारा हजारांचा, बाहेर पानाला दोन रुपये, घरी कागद धरून एक रुपया. म्हणजे पानामागे वाचला एक रुपया. सेमिस्टरला तीनशे पानं धरली तर आठ सेमिस्टरची चोवीसशे. वाचले चोवीसशे रुपये, गेले बारा हजार. पैसे वसूल व्हायला बारा हजार पानं लागतील, सेमिस्टरला पंधराशे! त्यात आपल्याकडे निम्मी जर्नल्स अजून हाताने लिहायला लावतात. आर्किटेक्चरवाल्यांना मोठ्या शीट लागतात, त्या प्लॉटरवर, तिथे हा प्रिंटर कुचकामी. ब्लॅक बुकचं हार्ड बाइंडिंग करायला दुकानात जावं लागणारच आहे.

चार जणांनी मिळून घेतला तर गणित जमू शकतं, माणशी तीनशे पंचाहत्तर पानं. मात्र त्यानंतर तुम्ही पेसियाचे दुकानदार झालात. रात्री दोनला दार वाजणार, "भावा, एकच पान." भाडं किती, कागद कोणाचा, टोनर संपला तर कोण आणणार, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. आणि रेक्टर चालू देतात का, ते आधी विचारा.

मग कोणी घ्यावा? कॅम्पस गावाबाहेर आहे आणि जवळचं दुकान बसने गाठावं लागतं, त्यांनी. लॉमध्ये मूट कोर्टचे मसुदे सतत काढणाऱ्यांनी. स्क्रीनवर वाचताना डोळ्यांना खरंच त्रास होतो किंवा मोठ्या टायपातच वाचता येतं, त्यांनी तर हिशोब न करता घ्यावा. बाकीच्यांनी पहिलं सेमिस्टर दुकानावर काढा, पानं मोजा, मग घरी फोन करा.

दुकानाची एक गोष्ट मात्र मला खटकते. आपण आधार कार्ड, मार्कशीट, बँकेचं पासबुक सरळ दुकानाच्या नंबरवर पाठवतो आणि ते तिथल्या कॉम्प्युटरवर पडून राहतं. समोर उभं राहून फाइल डिलीट करून घ्या, लाजू नका. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री नऊनंतर कोणतं दुकान उघडं असतं, ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा.

पुढच्या भागात हॉस्टेलच्या मेसचा इतिहास. भेटू.