मोरोझोवच्या गिरणीतले दंड

रशियात कामगार संघटनांना कायदेशीर जागा मिळाली ती ४ मार्च १९०६च्या तात्पुरत्या नियमांनी. त्याआधीच्या संपांचे कागद बहुतांशी पोलिस, फिर्यादी आणि न्यायालये यांच्या दप्तरांतले. म्हणजे विरुद्ध पक्षाने जपलेले. तरीही एका संपापुरते तेच दप्तर मालकावर उलटले.

ठिकाण व्लादिमीर प्रांतातले निकोल्स्कोये, आजच्या ओरेखोवो-झुयेवो शहराचा भाग. कापड गिरणीचा मालक तिमोफेई मोरोझोव. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ७ जानेवारी १८८५ला, सणाच्या दिवशी कामावर या असा हुकूम निघाला आणि सुमारे ८,००० कामगार बाहेर पडले. हुकूम हे निमित्त. १८८२ ते १८८४ या काळात मजुरी पाच वेळा कापली गेली होती आणि उरलेल्या रुबलातून सरासरी २४ कोपेक दंडात जात. काही विणकरांची तर निम्मी कमाई. पहिल्याच दिवशी गिरणीच्या दुकानाची आणि मास्टर शोरिनच्या घराची मोडतोड झाली, मग सैन्य आले. एवढाच भाग वाचला तर ती दंगलच वाटते.

पण ११ जानेवारीला विणकर वासिली वोल्कोवने गव्हर्नरला दिलेला मागण्यांचा कागद दंगलखोरांच्या हातचा वाटत नाही. दंड मजुरीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. खाड्याबद्दल कापायचे तर रुबलापेक्षा जास्त नको; आणि मालकाच्या चुकीने साचे बंद राहिले तर त्यानेही दिवसाला निदान ४० कोपेक भरावेत. काम सोडताना किंवा कामावरून काढताना दोन्ही बाजूंनी १५ दिवसांची सूचना, आणि तिची नोंद हिशेबाच्या वहीत. शिवाय नोकरीच्या अटी राज्याच्या कायद्याने ठरवाव्यात. माझ्या मते साऱ्या प्रकरणात वजनदार मागणी हीच: धन्याची मर्जी नको, कायदा हवा. वोल्कोवचा साथी प्योत्र मोइसेयेन्को पीटर्सबर्गच्या गुप्त कामगार वर्तुळांतून तयार झालेला, सायबेरियाची हद्दपारी भोगून आलेला. कागदाची शिस्त कुठून आली याचा अंदाज त्यावरून येतो.

मे १८८६मध्ये व्लादिमीरच्या न्यायालयात ३३ जण ज्यूरीपुढे उभे राहिले. बचावाला नामांकित वकील प्लेवाको. साक्षी निघाल्या त्या दंडाच्या. बघता बघता मोरोझोवच आरोपी वाटू लागला. न्यायालयाने ज्यूरीपुढे १०१ प्रश्न ठेवले आणि प्रत्येकाचे उत्तर आले, दोषी नाही. सरकारधार्जिण्या ‘मोस्कोव्स्किये वेदोमोस्ती’चा संपादक कात्कोव चिडला: रशियात कामगारप्रश्न उगवला म्हणून ही १०१ तोफांची सलामीच झाली, असे त्याने लिहिले. टोमणा म्हणून लिहिलेले हे वाक्य पुढे कामगारांच्याच बाजूने वापरले गेले.

३ जून १८८६चा कायदा मागण्यांच्या कागदाशेजारी ठेवून वाचावा. हिशेबाची वही सक्तीची झाली, मजुरीऐवजी माल देणे बंद झाले. दंडाची मर्यादा मात्र ५ टक्क्यांऐवजी कमाईच्या एक तृतीयांशावर ठेवली. तरी एक गोष्ट मोठी: दंडाचा पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांसाठीच्या वेगळ्या निधीत जायचा. दंड करण्यात मालकाचा फायदाच उरला नाही. हे नियम आधी फक्त पीटर्सबर्ग, मॉस्को आणि व्लादिमीर या तीन प्रांतांत लागू झाले. त्याच कायद्याने संपाला चिथावणी देणाऱ्याला ८ महिन्यांपर्यंत कैद ठेवली, हेही विसरून चालणार नाही.

निर्दोष ठरलेल्या मोइसेयेन्कोला ज्यूरीचा निर्णय पुरला नाही. प्रशासकीय हुकुमाने त्याला आर्खांगेल्स्क प्रांतात धाडले गेले. दंडाचा कायदा कामगारांना समजावून सांगणारी पुस्तिका १८९५मध्ये लेनिनने लिहिली, तीत या संपाची हकीकत आहे. मुखपृष्ठावर छपाईचे गाव खेर्सोन आणि सेन्सॉरची परवानगीही छापलेली. दोन्ही खोटे, पुस्तिका पीटर्सबर्गच्या गुप्त छापखान्यातली.