खात्यात जमा आहे, पण हातात येईल का? बँक आणि बचतीचे रोजचे शब्द

वर्धा जिल्ह्यातील आपल्या आईवडिलांच्या पिढीला बँकेचा एक धडा फार महागात शिकावा लागला. २००२ साली उघडकीस आलेल्या होम ट्रेड रोखे घोटाळ्यात नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसोबत वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचेही पैसे अडकले. पुढे बँकेची आर्थिक स्थिती इतकी ढासळली की रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळेना. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातील परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातील तीन बँका होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलडाणा.

या काळात ठेवीदाराच्या पासबुकात रक्कम लिहिलेली होती, पण मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला किंवा पेरणीला ती हवी तेव्हा हातात येत नव्हती. बँक बुडाल्याचे जाहीर झाले नव्हते, त्यामुळे ठेव विम्याचे पैसेही मिळत नव्हते. असे का झाले, हे समजण्यासाठी 'परवाना', 'ठेव विमा', 'निर्बंध' या शब्दांचे अर्थ माहीत असावे लागतात. ते कोणी समजावून सांगितलेच नव्हते.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतीय चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून एक भाग अडचणीच्या काळासाठी राखायला सांगितला आहे. हा वारसा सांगणाऱ्या तरुणांना स्वतःच्या पासबुकाची भाषा वाचता आलीच पाहिजे. पैसे कुठेही ठेवताना चार प्रश्न विचारा: पैसे कोणाकडे आहेत? ते बुडाले तर कोण भरून देणार? हवे तेव्हा मिळतील का? माझ्यानंतर कोणाला मिळतील? खालील शब्द या चार प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आहेत.

बँक, पतसंस्था आणि पोस्ट

बँक म्हणजे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली संस्था. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण आणि सहकारी बँका यात येतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. तिचे खातेदार असाल तर नवा आयएफएससी कोड शाखेतून खात्रीने लिहून घ्या. बँक विलीन झाली की हा कोड बदलू शकतो.

पतसंस्था ही बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदवलेली असते आणि तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, पण तिथल्या ठेवीला बँकेसारखा ठेव विमा नाही. गावातलाच ओळखीचा माणूस ठेव मागायला आला, तरी हा फरक विसरू नका.

पोस्टातील बचत योजनांच्या मागे थेट भारत सरकार उभे असते. पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपयांत चालते.

ठेव विमा

बँक बुडाली तर ठेव विमा व पत हमी महामंडळ (डीआयसीजीसी) प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. सहकारी बँकाही या विम्यात येतात.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मर्यादा प्रत्येक बँकेमागे आहे, प्रत्येक शाखेमागे नाही. एकाच बँकेत आर्वीच्या शाखेत ३ लाख आणि हिंगणघाटच्या शाखेत ४ लाख स्वतःच्या नावे असतील, तर विमा ७ लाखांचा नसून ५ लाखांचाच.

निर्बंध म्हणजे बँक बंद न करता रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर घातलेली मर्यादा. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत किंवा दुसऱ्या बँकेत विलीन होईपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारालाही साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली. वर्ध्याच्या ठेवीदारांना त्यांच्या अडचणीच्या काळात ही सोय नव्हती.

खात्यांचे प्रकार

बचत खाते व्यक्तीसाठी असते आणि त्यावर रोजच्या शिल्लक रकमेनुसार व्याज मोजतात. चालू खाते दुकान-धंद्यासाठी असते, त्यावर सहसा व्याज नसते. किमान शिल्लक म्हणजे खात्यात ठेवावीच लागणारी रक्कम. ती नसेल तर बँक दंड कापू शकते.

मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लकीची अट नसते. त्यावर एटीएम कार्ड मोफत मिळते आणि महिन्यातून किमान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेतील खाती याच प्रकारची आहेत. विद्यार्थी, मजूर किंवा गृहिणी यांनी खाते उघडताना हे नाव घेऊनच मागणी करावी.

पासबुकात वर्षातून एकदा २० किंवा ४३६ रुपये कापलेले दिसले तर घाबरू नका. २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आणि ४३६ रुपये जीवन ज्योती विमा योजनेचे आहेत. दोन्हींत २ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. घरात मृत्यू झाला की मृताचे पासबुक या दोन नोंदींसाठी आवर्जून तपासा. कितीतरी कुटुंबे माहिती नसल्यामुळे दावाच करत नाहीत.

शिष्यवृत्ती का अडकते?

केवायसी म्हणजे ओळख आणि पत्त्याची पडताळणी. ती ठरावीक काळाने नव्याने करावी लागते. आधार जोडणी आणि डीबीटी सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार खात्याला जोडले म्हणजे बँकेने तुमची ओळख नोंदवली. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची राष्ट्रीय नोंद. एका आधारावर एका वेळी एकच बँक अशी नोंदवलेली असते आणि शेवटी केलेली नोंद धरली जाते.

म्हणून महाडीबीटीवर अर्ज मंजूर होतो, पण शिष्यवृत्ती मात्र दुसऱ्याच, कधीकाळी उघडलेल्या खात्यात जाऊन पडते. नवीन खाते उघडताना सही केलेल्या कागदात सीडिंगची संमती असू शकते, ती वाचून सही करा. वस्तीतील कार्यकर्त्यांनी परीक्षा अर्जासोबत विद्यार्थ्यांची ही नोंदही तपासून घेतली, तर वर्षभराच्या चकरा वाचतील.

ठेव आणि व्याज

मुदत ठेव म्हणजे ठरलेल्या काळासाठी एकरकमी ठेवलेले पैसे. आवर्ती ठेव म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरणे. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते. थोड्या दिवसांची नड असेल तर ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज घेणे अनेकदा स्वस्त पडते.

चक्रवाढ व्याज म्हणजे व्याजावरही व्याज. १०,००० रुपये ६ टक्के दराने तिमाही चक्रवाढीने ठेवले तर वर्षाला सुमारे ६१४ रुपये मिळतात. एक सोपा हिशेब: ७२ ला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. ६ टक्क्यांना १२ वर्षे. कोणी दोन वर्षांत दुप्पट म्हणत असेल तर तो ३६ टक्के देण्याचे सांगतो आहे. इतके कोणतीही बँक देत नाही. अशा योजनेची पावती, नोंदणी आणि परवाना मागा. फसवणूक झाल्यास १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली (एमपीआयडी) पोलिसांत तक्रार करता येते.

वारसनोंद

नामनिर्देशन म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे याची नोंद. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती कायदेशीर वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते. नोंद नसेल तर विधवा आईला कागदपत्रांसाठी तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू शकतात.

दोन वर्षे आपण स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे तसेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, पण हक्क संपत नाही. आजोबांच्या जुन्या खात्याचा शोध रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर घेता येतो.

कर्जाचे शब्द

खासगी सावकार 'शेकड्याला पाच' म्हणतो तेव्हा दर महिन्याचा असतो. १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,००० रुपये. हा ६० टक्के दर झाला आणि मुद्दल तशीच उभी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे सावकाराकडे परवाना हवा आणि त्याला चक्रवाढ व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी.

फ्लॅट दर म्हणजे मुद्दल फिटत असतानाही पूर्ण रकमेवर व्याज. घटत्या शिलकीचा दर म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. १२,००० रुपये १२ टक्के फ्लॅट दराने वर्षभरासाठी घेतले तर महिना १,१२० रुपये हप्ता पडतो आणि खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी वैयक्तिक कर्जदाराला मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक खरा दर लिहिलेला असतो. बचत गटातील बायांनी गट-कर्जाच्या कागदावर अंगठा देण्याआधी तोच आकडा मोठ्याने वाचून घ्यावा.

जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर बँक तुमच्याकडून वसूल करू शकते आणि तुमचा पतगुणांक, म्हणजे ३०० ते ९०० मधला सिबिलसारखा आकडा, घसरतो. मित्रासाठी सही करण्याआधी ती रक्कम आपण भरू शकू का, हे स्वतःला विचारा.

मोबाइलवरचे पैसे

यूपीआय पिन पैसे पाठवताना आणि शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हणाले की ती फसवणूकच. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि आपण तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर आपली जबाबदारी शून्य आहे. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी येते. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

मंडळाचे पैसे

१४ एप्रिलची वर्गणी, विहाराचा निधी, धम्मसहलीचे पैसे कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा त्याच्या फोनवरील क्यूआर कोडवर गोळा करू नयेत. प्रामाणिक कार्यकर्त्याचाही त्यात बळी जातो: हिशेबावर संशय येतो, त्याचे खाते गोठले तर कार्यक्रम अडतो, त्याचा मृत्यू झाला तर पैसे वारसांच्या वादात जातात. नोंदणीकृत मंडळाच्या नावे खाते उघडा, ठराव करून दोघांच्या संयुक्त सहीने ते चालवा आणि पासबुकाची प्रत वर्षातून एकदा विहाराच्या फलकावर लावा.

येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. प्रत्येकाने घरातील एकेक पासबुक आणावे. केवायसी, वारसनोंद, सीडिंग, विम्याच्या दोन नोंदी आणि खाते चालू आहे की निष्क्रिय, या पाच गोष्टी तपासून वहीत लिहाव्यात. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, त्या घरचे पासबुक आधी उघडावे.