गंजातल्या भावानं ठरवलेला मध

मी लातूरच्या गंजात एका आडतीवर मुनीम होतो. कट्टे मोजायचे, पट्टी करायची, बारदान्याचा हिशेब ठेवायचा. मधाशी माझा संबंध पंचामृतापुरता. तरी आमच्या भागातल्या मधाचा इतिहास मी सांगायला बसलोय, कारण तो पेट्यांपेक्षा कट्ट्यांत जास्त सापडतो असं माझं मत आहे.

पेट्या यायच्या आधी मध म्हणजे आग्या मव्हळाचा. विहिरीच्या कपारीला, चिंचेच्या उंच फांदीला, पडक्या गढीच्या बुरुजाला ही मव्हळं लोंबायची. झाडणारे अंधाऱ्या पंधरवड्यात यायचे. चांदणं असलं की माशी अंगावर येते म्हणायचे. लिंबाच्या ओल्या पाल्याची धुरी द्यायची, सगळं पोळं खाली उतरवायचं आणि धोतराच्या फडक्यातून पिळायचं. त्यात मधाबरोबर पिल्लांचा रसही यायचा, म्हणून तो मध पावसाळ्यात फसफसायचा. वसाहत मोडायची ती वेगळीच. काट्या मव्हळ पोरांच्या वाट्याचं, बाभळीच्या नाहीतर बोरीच्या फांदीवर सापडणारं, ओंजळभर. ते कुणी विकत नसे.

नांदेडच्या अंगाला गोष्ट जरा निराळी. किनवट-माहूरच्या जंगलात सागवानाबरोबर मोहही आहे. तिकडचे कोलाम, गोंड, आंध लोक डिंक, चारोळी, मोहफुलं आणत तसा मधही बाजाराला आणत. आमच्या लातूरकडे जंगल नावाला. दारावर मध विकायला आलेल्या माणसाच्या डब्यात गुळाचा पाक किती आणि मध किती, हे आई बोटावर थेंब घेऊन ठरवायची. घेतलेली बाटली देव्हाऱ्याच्या फळीवर. अभिषेकाला एक चमचा, खोकल्याच्या चाटणाला एक. पोळीला लावून मध खायचा असतो हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

हलणाऱ्या चौकटीच्या पेटीचं पेटंट अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्यानं 1852 मध्ये घेतलं. पोळं न मोडता चौकट बाहेर काढता येते, यंत्रात फिरवून मध काढता येतो आणि तीच चौकट परत ठेवता येते. महाराष्ट्रात या विद्येचं घर म्हणजे महाबळेश्वर. तिथलं काम 1946 मध्ये सुरू झालं. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो, तरी 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिलो. मुंबई राज्याच्या ग्रामोद्योगाचं पाणी आमच्या शेतापर्यंत यायला उशीर झाला, असं पुढारी भाषणात म्हणायचे. मला ते अर्धंच पटतं. महाबळेश्वरची माशी सातेरी. तिला गारवा हवा, जांभूळ, हिरडा, गेळा असा लागोपाठचा फुलोरा हवा. आमच्याकडे वैशाखात पारा बेचाळिसावर जातो आणि शिवारात फूल नसतं. अशा वेळी सातेरी पेटी सोडून उडून जाते. सरकार कोणतंही असो, तिला थांबवणार कोण? आम्ही आपले खादी भांडारातून महाबळेश्वरची बाटली आणत राहिलो.

आमच्या माशीला खरा आसरा होता तो रब्बीच्या करडईचा. काटे लागतात म्हणून जनावर शिरत नाही, पाणी नसलं तरी काळ्या रानाच्या ओलीवर पीक निघतं, आणि सगळा तुकडा पिवळा-केशरी होतो. माशी अशी तुटून पडायची की बांधावरून गुणगुण ऐकू यायची. घाण्याला करडई लागायची, म्हणून पेरा टिकला होता.

मग सूर्यफूल आलं. 1969 च्या सुमारास सोव्हिएत रशियातून वाणं भारतात आली आणि पुढच्या काही वर्षांत लातूरचं शिवार त्यानं भरून गेलं. 1986 मध्ये केंद्रानं तेलबियांचं अभियान काढल्यावर तर विचारू नका. हंगामात गंजात काळ्या बियांच्या कट्ट्यांतून वाट काढावी लागे. हे पीक माशीवाचून अडतं, ते मला गंजातच कळलं. जुन्या वाणांत एका फुलाचा पराग त्याच फुलाला नीट लागत नसे. माशी फिरली नाही की फुलाच्या मधोमध पोचट दाणे. मूठभर बी हातात चोळून फुंकर मारली की पोचट उडून जायचं आणि मग भाव पडायचा. शेतकरी म्हणायचा, वजन करा की, चोळता कशाला? मालक हसायचे आणि पुन्हा चोळायचे.

कृषी विद्यापीठाची शिफारस होती की हेक्टरी चार-पाच पेट्या ठेवा. पेट्या होत्या कुणाकडे? त्याच शिफारशीत दुसरा मार्गही होता: सकाळच्या वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून हलकेच फिरवा. आमच्या गावी थोरली वहिनी आणि चार-पाच जणी हे काम करत, एक दिवसाआड. डोक्यावर पदर, मनगटापर्यंत पिवळी भुकटी. माशी फुकट करते ते काम रोजंदारीनं करून घ्यायचं, हा हिशेब मुनीम म्हणून मला आजही बोचतो.

माझा नातू संगणकावर शेतीचा खेळ खेळतो, फार्मिंग सिम्युलेटर. 2021 साली निघालेल्या भागात मधाच्या पेट्या आल्या. पेटी विकत घ्या, जमिनीवर मांडा, मध आपोआप जमतो. शेजारी सूर्यफूल असेल तर उताराही थोडा वाढतो. खेळ करणारे स्वित्झर्लंडचे, पण हा उताऱ्याचा हिशेब त्यांनी खरा धरलाय. फक्त त्यात माशी पळून जात नाही, शेजारचा फवारा मारत नाही, आणि पोपट कणसावर बसत नाही.

आमच्याकडे ते सगळं झालं. 1997 नंतर दक्षिणेत सूर्यफुलावर नेक्रोसिस रोग दिसू लागला, पोपटांनी जेरीस आणलं, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त तेलानं कंबर मोडली. त्या तेलात पुढे युक्रेनचं सूर्यफूल मोठं. गंमत अशी की चौकटीच्या पेटीचा एक आद्य कारागीर, प्रोकोपोविच, त्याच देशातला. त्यानं 1814 मध्येच ती बनवली होती. त्या देशानं तेलही विकलं आणि मधही. आम्ही सोयाबीन पेरलं. सोयाबीनचं फूल मिटलेलं असतानाच स्वतःचं फळवून घेतं, त्याला माशी लागत नाही. लातूरच्या सोयाबीनचा भाव आज राज्य ऐकतं. करडई मात्र तुकड्या-तुकड्यांनी उरली. हार्वेस्टर आल्यावर काट्यांची भीती संपली, पण तोवर पेरणाऱ्यांची सवय मोडली होती.

आता जी माशी पेटीत दिसते ती मेलीफेरा, युरोपातली. 1962 च्या सुमारास हिमाचलातल्या नगरोट्याला, तेव्हाच्या पंजाबात, ती पहिल्यांदा नीट रुजली. तिचे मधपाळ फुलोऱ्यामागं ट्रक घेऊन फिरतात. जिथं करडई, धने किंवा कांद्याचं बियाणं धरलेलं असेल तिथं बांधावर पेट्या मांडतात, फूल सरलं की रात्रीतून उचलतात. कांद्याच्या बियाणेवाल्याला त्यांची किंमत कळलीय. तो बोलावून जागा देतो. बाकीच्यांना अजून वाटतं की माशी आपल्या पिकाचा रस चोरते, म्हणून जागेचं भाडं मागतात किंवा मधाचा डबा. आणि तो मध गाडीबरोबर बाहेर जातो. इतकी वर्षं गंजात बसलो, पण मधाचा पुकारा काही मी ऐकला नाही.